लोकांचा पैसा आधी, माल नंतर : क्राउडफंडिंगची मोहीम उघडण्यापूर्वी

आमच्याकडे अलीकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तरुणांकडून येतो. नवी वस्तू बनविण्याची कल्पना आहे, हातात कसब आहे, वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यांसाठी जॉबवर्क करून यंत्रांची ओळखही झाली आहे. अडते ते भांडवलाशी. बँकेचे कर्ज घ्यावे तर व्याज आले, आणि तेथे मन कचरते. मग इंटरनेटवर वस्तू दाखवून लोकांकडून आधीच पैसे घ्यायचे आणि त्या पैशांतून माल तयार करून द्यायचा, हा जो क्राउडफंडिंगचा मार्ग निघाला आहे तो आपण धरावा काय?

आमचे उत्तर असे की मार्ग चांगला आहे, व्याजापासून मुक्त आहे, आणि शरीअतला अनोळखीही नाही. परंतु ज्या दिवशी मोहीम उघडते त्या दिवशी आपण उद्योजक होत नाही, आपण देणेकरी होतो. पैशांचे नव्हे, मालाचे देणेकरी. हे देणे फेडता येईल की नाही याचा हिशेब मोहीम उघडण्याच्या आधी करावा लागतो. नंतर केलेला हिशेब फक्त पश्चात्तापाच्या कामाचा.

लोकांचे थोडे थोडे पैसे जमवून कारखाना उभारणे महाराष्ट्राला नवे नाही. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर, सभासमारंभांतून एकेक पैसा जमविण्याची जी चळवळ चालविली ती पैसा फंड म्हणून प्रसिद्ध आहे. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि १९०८ साली पुण्याजवळ तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. त्याची धुरा परदेशात काचकाम शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे देण्यात आली. कारखान्याबरोबर तेथे काचकाम शिकविण्याची सोयही होती, आणि तेथे शिकलेली माणसे पुढे देशभरच्या काच कारखान्यांत पसरली. आमच्या वाचकांनी यातील एक गोष्ट विशेष पाहावी. भट्टी कोण चालवील याचे उत्तर होते म्हणून भट्टी पेटली. नुसत्या पैशाने काच वितळत नाही.

मात्र पैसा फंडात दिलेला पैसा ही वर्गणी होती. देणाऱ्याने बदल्यात काचेचा पेला मागितला नव्हता. आजच्या मोहिमेत वस्तू बनविणाऱ्याला लोक जे देतात ती वर्गणी नव्हे, ती आगाऊ किंमत आहे. आणि आगाऊ किमतीचा अनुभव आपल्या शहराला चांगलाच आहे. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते सुरू झाला. त्या काळी स्कूटरसाठी आधी नोंदणी करायची आणि मग वर्षानुवर्षे थांबायचे अशी देशभर रीत होती. हुंड्याच्या यादीत स्कूटरऐवजी स्कूटरचा नंबर लिहिला जाई, अशी थट्टाही तेव्हा चाले. लोक थांबले, कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती आणि अखेर स्कूटर मिळेल याची खात्री होती. आज आपल्या नव्या कारखानदाराकडे यांपैकी एकही गोष्ट नाही. गिऱ्हाईकाला दहा दुकाने उघडी आहेत, आणि आपले नाव त्याने कालच ऐकले आहे.

शरीअतमध्ये या व्यवहाराचे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिला सलम. प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेला आले तेव्हा तेथील लोक फळांसाठी एकेक, दोनदोन वर्षे आधी पैसे देत. आपण (स.) हा व्यवहार बंद केला नाही, माप ठरलेले हवे, वजन ठरलेले हवे आणि मुदत ठरलेली हवी, एवढी अट घातली. सलममध्ये पूर्ण किंमत सौद्याच्या वेळीच द्यावी लागते. दुसरा प्रकार इस्तिसना, म्हणजे कारागिराकडून वस्तू बनवून घेण्याचा करार. हनफी फकीहांनी तो मान्य केला आणि प्रेषितांनी (स.) अंगठी व मिंबर बनवून घेतल्याचे दाखले दिले. यात किंमत आधी, नंतर किंवा हप्त्याने देता येते. वस्तू ठरलेल्या वर्णनाप्रमाणे झाली तर गिऱ्हाईकाला ती नाकारता येते काय, याविषयी इमाम अबू हनीफा आणि त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ यांची मते निराळी आहेत. उस्मानी राज्याच्या मजल्ला या संहितेने एकोणिसाव्या शतकात इमाम अबू यूसुफ यांच्या बाजूने, करार बंधनकारक मानला. आपल्या कामाची वस्तू बहुधा इस्तिसनातच मोडेल. तरीही मोहिमेचा मसुदा जाणकार मुफ्तींना दाखवून घ्यावा. विशेषतः पैसे देणाऱ्यांतून सोडत काढून एकाला मोठे बक्षीस, असे आमिष काही जण लावतात. ते जुगाराच्या दारातले आहे, त्यापासून दूर राहावे.

आता कोणी म्हणेल, हे मदरशाचे धडे झाले, धंद्याचे सांगा. पण धंद्याचे तेच आहे. वर्णन, किंमत, मुदत! ज्या मोहिमा बुडाल्या त्या या तिहींपैकी एखाद्यावर बुडाल्या.

वर्णनापासून सुरुवात करू. क्राउडफंडिंगची अमेरिकेतील मोठी पेढी किकस्टार्टर २००९ साली सुरू झाली. सुरुवातीला लोक संगणकावर काढलेली गुळगुळीत चित्रे दाखवून पैसे घेत. सप्टेंबर २०१२ मध्ये पेढीनेच नियम केला की यंत्रवस्तूंसाठी अशी चित्रे चालणार नाहीत, जो नमुना आज आहे आणि आज जे करतो तेच दाखवा. आमचा सल्ला याहून कडक आहे. एक नमुना म्हणजे नमुना नव्हे. एक तर उस्तादाच्या हाताने कशीही वस्तू होते. घासून, वाकवून, चिकटवून. वीस करा, आणि त्यांतल्या निदान दहा स्वतः न करता ज्या कामगाराकडून पुढे करून घेणार त्याच्याकडून करून घ्या. मग त्या वापरायला द्या.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक वस्तू समोर धरू. समजा, शहागंज, सिटी चौक, रोशन गेट येथे रात्री हातगाडी लावणाऱ्यांसाठी आपण चार्ज होणारा दिवा बनवितो. गाडीच्या खांबाला अडकणारा, पावसात न बिघडणारा, एकदा चार्ज केल्यावर सहा तास चालणारा. नमुन्याचे वीस दिवे वीस गाड्यांवर द्यावेत, आणि ते जूनमध्ये द्यावेत. पाणी कोठून शिरते, अडकवण मोडते काय, तेलाचा धूर बसून उजेड किती कमी होतो, हे भज्याच्या गाडीवर आठ दिवसांत कळते. कारखान्यात आठ महिन्यांत कळत नाही. सहा तास म्हटले आणि तो साडेचार तास चालला, तर मोहिमेत साडेचारच लिहावे. गिऱ्हाईक कमी येतील, पण जे येतील ते भांडायला येणार नाहीत.

नमुन्याच्या टप्प्यावर आपल्या शहरात जी सोय आहे तिचा उपयोग आपले लोक फार कमी करतात, अशी आमची तक्रार आहे. चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत इंडो-जर्मन टूल रूम आहे; साचे, डाय, अचूक मापाचे यंत्रकाम आणि त्यांचे शिक्षण हे तिचे कामच. स्थानिक उद्योजकांच्या पुढाकारातून मॅजिक नावाची नवउद्योगांना हात देणारी संस्था उभी राहिली आहे. दार ठोठावल्याशिवाय तेथील लोक आपल्या मोहल्ल्यात येणार नाहीत, हे उघड आहे.

आता किंमत. येथे आम्ही थोडे थांबणार आहोत, कारण बुडण्याची खोल जागा हीच. २०१६ च्या फेब्रुवारीत फ्रीडम २५१ नावाचा स्मार्टफोन २५१ रुपयांत देण्याची जाहिरात झाली आणि देशभर नोंदणीसाठी झुंबड उडाली. एवढ्या पैशांत सुटे भागही येत नाहीत, हे फोन दुरुस्त करणारा कोणताही पोरगा सांगू शकला असता. ज्यांनी पैसे भरले होते त्यांना ते परत करीत असल्याचे थोड्याच दिवसांत कंपनीला सांगावे लागले. ते टोकाचे उदाहरण म्हणून सोडून देऊ. पण २०१४ साली अमेरिकेत कूलेस्ट नावाची थंड पेटी निघाली. तीवर ६२,६४२ लोकांनी १ कोटी ३२ लाख डॉलरहून अधिक रक्कम आगाऊ दिली. वस्तू खरी होती, करणारा माणूसही काम करीत होता. पण एका पेटीला लागणारा खर्च घेतलेल्या किमतीपेक्षा अधिक निघाला. डिसेंबर २०१९ मध्ये धंदा बंद झाला तेव्हा सुमारे २० हजार लोकांना पेटी मिळालेली नव्हती. नोंदणी जितकी अधिक, तितका खड्डा मोठा!

आपल्या दिव्याचा हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. सुटे भाग ४२० रुपये, जोडणीची मजुरी ६०, डबा व कागद ३०, टपाल किंवा कुरिअर ८०, एकूण ५९०. किंमत ९९९ ठेवली. त्यात १८ टक्के जीएसटी धरला तर १५२ रुपये सरकारचे, उरले ८४७. मोहीम चालविणाऱ्या पेढीचे आणि पैसे गोळा करणाऱ्या बँक-व्यवस्थेचे मिळून ८ टक्के, म्हणजे ८० गेले, उरले ७६७. त्यातून ५९० वजा जाता १७७. शंभरात पाच दिवे बिघडून परत येतील आणि ते बदलून द्यावे लागतील, त्याचे ३० रुपये बाजूला ठेवले. हातात राहिले १४७.

येथपर्यंत बहुतेक जण खूष असतात. पाचशे नोंदणी झाली की ७३,५०० रुपये सुटले, असे त्यांना वाटते. पण प्लास्टिकच्या आवरणाचा साचा कोण देणार? तो समजा दीड लाखाचा. चाचण्या आणि नोंदणी यांना समजा ६० हजार. दोन लाख दहा हजार रुपये त्या १४७-१४७ मधून फिटायचे तर १,४२९ दिवे गेले पाहिजेत. पाचशेवर मोहीम यशस्वी झाली असे जाहीर केले, तर त्याच दिवशी १,३६,५०० रुपयांचा खड्डा पडला, आणि तो घरच्या दागिन्यांतून भरावा लागेल.

मग काय करावे? किंमत ११९९ करून पाहू. जीएसटी १८३, पेढीचे ९६, दिव्याचे ५९०, बिघाडाचे ३० गेल्यावर ३०० उरतात. आता सातशे दिव्यांत साचा आणि चाचण्या फिटतात. आणि साचाच टाळला तर? पहिल्या खेपेला प्लास्टिकऐवजी पत्र्याचे आवरण करावे. मोटारींच्या कारखान्यांमुळे पत्रा कापणारे आणि वाकविणारे कारागीर वाळूज-चिकलठाण्यात मुबलक आहेत. नगामागे समजा ९० रुपये अधिक लागले, तर २१० उरतील. पण दीड लाखाच्या साच्याऐवजी १५ हजारांचे जिग-फिक्श्चर पुरेल. चाचणीसह ७५ हजार, म्हणजे ३५८ दिव्यांत काम फिटते. मोहिमेचे उद्दिष्ट मनातल्या आवडीच्या आकड्यावरून नव्हे, असे काढावे. यात मालकाची स्वतःची मजुरी अजून धरलेली नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलेच असेल. ती न धरण्याची आपल्याकडच्या कारागिरांची जुनी खोड आहे.

उद्दिष्ट पूर्ण झाले तरच पैसे उचलायचे, नाही तर ज्याचे त्याला परत, असा प्रकार किकस्टार्टरने ठेवला आहे. काही पेढ्या कमी जमले तरी देऊन टाकतात. यंत्रवस्तू करणाऱ्याने दुसरा प्रकार घेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ३५८ ची गरज असताना १२० जणांचे पैसे हातात पडले, तर ते ना माल करायला पुरतात, ना मनाला परत करवतात.

किकस्टार्टरवर भारतात राहणाऱ्याला मोहीम उघडता येत नाही. म्हणून लंडनच्या मामांच्या नावाने उघडू, असे काही जण सुचवितात. तसे केले तर कायद्याने मोहीम मामांची झाली. पैसा त्यांच्या खात्यात, कर त्यांच्या डोक्यावर आणि शिव्याही त्यांनाच. नात्यातल्या माणसाला एवढा आहेर देऊ नये. येथल्याच पेढीवर किंवा स्वतःच्या नावाने आगाऊ नोंदणी घेऊन काम भागते. मात्र लोकांना कंपनीत भागीदारी किंवा नफ्यात वाटा देतो असे जाहीरपणे सांगून पैसा घेऊ नये. तो वेगळा विषय असून सेबीने अशा परवाना नसलेल्या व्यवहारांबाबत २०१६ मध्येच इशारा दिला आहे. मुशारकतच्या उत्तम हेतूने केले तरी कायदा हेतू विचारत नाही.

आगाऊ रकमेलाही कायद्याची मुदत आहे. धंदा कंपनी म्हणून नोंदलेला असेल तर मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालात जिरली पाहिजे. नाही तर ती ठेव समजली जाते आणि ठेवींचे सारे नियम अंगावर येतात. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा कायदा एकट्या मालकाच्या धंद्यालाही लागू आहे. परत करण्याची वेळ आलेली रक्कम पंधरा दिवसांत परत केली नाही तर तीही ठेव ठरते. मालाच्या आगाऊ रकमेवर जीएसटी त्याच वेळी भरावा लागत नाही, बिल करताना भरावा लागतो. ही सवलत नोव्हेंबर २०१७ पासून आहे. पण म्हणून आलेला सगळा पैसा आपला, असा समज करून घेऊ नये. परराज्यात माल पाठवायचा तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी आधीच हवी. आपल्या सीएला मोहिमेच्या आधी भेटावे, नंतर नव्हे.

दिव्यासारख्या वस्तूला आणखी एक पाहारा आहे. लिथियम बॅटरी, चार्जर, अनेक प्रकारचे एलईडी दिवे यांना भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते. नोंदणी असलेली तयार बॅटरी आणि तयार चार्जर घेतले तर निम्मा त्रास वाचतो. पूर्ण दिव्याला काय लागेल ते लेखी विचारून घ्यावे. लिथियम बॅटरी विमानाने पाठविताना यूएन ३८.३ या चाचणीचा दाखला मागतात. टपालखर्च ८० रुपये धरला आणि कुरिअरवाल्याने पार्सलच घेतले नाही, अशी वेळ मोहिमेनंतर येऊ नये.

राहिली मुदत. पेबल नावाच्या घड्याळाने २०१२ साली किकस्टार्टरवर १ लाख डॉलर मागितले आणि ६८,९२९ लोकांनी १ कोटी डॉलरहून अधिक दिले. माल सप्टेंबर २०१२ ला द्यायचा होता, पहिली खेप जानेवारी २०१३ मध्ये निघाली. हे यशस्वी समजल्या गेलेल्या मोहिमेचे उदाहरण आहे बरे का! पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे प्राध्यापक ईथन मोलिक यांनी अशा मोहिमा तपासल्या, तेव्हा तीनचतुर्थांशांहून अधिक जणांचा माल उशिरा पोहोचल्याचे आढळले. त्यांच्याच २०१५ च्या पाहणीत सुमारे ९ टक्के मोहिमांत कबूल केलेली वस्तू मिळालीच नाही. म्हणून पंचांग उलटे मांडावे. उदाहरणार्थ, २०२७ चा रमजान ८-९ फेब्रुवारीच्या सुमारास धरला, तर दिवा जानेवारीच्या मध्यापर्यंत गाडीवाल्याच्या हातात हवा. रमजानच्या रात्री संपल्यावर आलेला दिवा ईदच्या दुसऱ्या दिवशी आलेल्या शेवयांसारखा! त्या आधी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दिवाळी. तेव्हा कामगार गावी जातात आणि पत्र्याचे, रंगाचे काम आठ-पंधरा दिवस बंद. सर्किटचे भाग चीनहून येणार असतील तर मागणी ऑगस्टमध्ये जायला हवी. जानेवारीत खोळंबलेला भाग त्यांच्या नववर्षाच्या सुट्टीत अडकतो. मोहीम संपल्यावर पैसा हातात यायला साधारण दोन आठवडे. म्हणजे मोहीम जुलैत, तीही तीस दिवसांची. नमुन्यांची परीक्षा मात्र जूनच्या पावसातच होणार, आणि तीत दिवा नापास झाला तर जुलैची मोहीम पुढे ढकलावी, त्या वर्षीचा रमजान सोडावा लागला तरी.

एक काम नमुन्याच्या बरोबरीने चालवावे. नावांची वही. मोहीम उघडली की अनोळखी लोक धावत येतील, हा भ्रम आहे. अनोळखी माणूस पाहतो की ओळखीच्यांनी किती दिले. ३५८ दिवे हवेत तर शंभर-सव्वाशे जण असे पाहिजेत की ज्यांनी दिवा हातात धरून पाहिला आहे, किंमत ऐकली आहे आणि पहिल्या दोन दिवसांत पैसे भरतो म्हणाले आहेत. ती नावे वहीत, फोन नंबरासह. आणि "इन्शाअल्लाह घेऊ" म्हणणाऱ्यांची निराळी यादी करावी; त्यांतले किती येतात ते आपण सारे जाणतो.

आलेल्या पैशांचे खाते घरखर्चाच्या आणि जुन्या धंद्याच्या खात्यापासून वेगळे उघडावे. सूरह बकराहच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार ठेवण्याचा आदेश आहे. कुरआनची ही सर्वांत लांब आयत. आपण मात्र निकाहच्या दावतीचा हिशेब लिहितो आणि धंद्याचा तोंडी ठेवतो. प्रत्येक नोंदीपुढे नाव, रक्कम, दिव्याचा प्रकार, देण्याची तारीख आणि दिल्याची तारीख असे रकाने करावेत. दर जुम्याच्या दिवशी सर्व नोंदणीदारांना चार ओळींचा मजकूर पाठवावा. पत्रा आला, पत्रा आला नाही, रंगात दोष निघाला, जे असेल ते. बातमी वाईट असली तरी माणूस थांबतो. बातमीच नसली की तो पोलीस ठाण्याचा पत्ता शोधतो.

मोहीम उघडण्याच्या आदल्या आठवड्यात एक कागद घ्यावा आणि त्यावर तीन ओळी लिहाव्यात. दिवा काय करील आणि काय करणार नाही, किती रुपयांत पोहोचता मिळेल, कोणत्या तारखेपर्यंत मिळेल. आणि त्या तारखेनंतर साठ दिवसांत मिळाला नाही तर पूर्ण रक्कम परत. हा कागद शहागंजच्या एखाद्या गाडीवाल्याला वाचून दाखवावा. त्याने मध्येच थांबवून "म्हणजे काय?" असे विचारले, तर ती ओळ पुन्हा लिहावी.